गॅस गिझरचा धुराचा पाइप किती इंची? (तातडीने मदत हवी आहे)

पेठेतला_पाहुणा
मंडळी, उद्या सकाळी मेस्त्री येतोय, म्हणून घाईत लिहितोय. बाथरूममधल्या गॅस गिझरचा धूर बाहेर काढायचाय. ३ इंची पाइप पुरेल की ४ इंची आणू? पीव्हीसीचा तुकडा घरात पडून आहे, तो चालेल का? 'गिझरच बदला' छाप सल्ले नकोत, नुकताच घेतलाय.

पक्कड
पीव्हीसी अजिबात नको, धूर गरम असतो, पाइप मऊ पडेल. पण आधी हे सांगा: सिलिंडर की पाइप गॅस? गिझरच्या डोक्यावर पाइप बसवायला गोल तोंड आहे की नुसत्या फटी? भोक पाडाल ते कुठे उघडेल?

खडूस_काका
आमच्याकडे कित्येक वर्षं गिझर बाथरूममध्येच आहे. एक्झॉस्ट फॅन लावा, विषय संपला. हल्ली जो तो घाबरवायलाच बसलेला असतो.

पेठेतला_पाहुणा
सिलिंडर. ६ लिटरवाला. वर नुसत्या फटी आहेत. बाथरूमची झडप डक्टमध्ये उघडते, फॅन आहेच. इंच सांगा ना कोणीतरी!

पक्कड
मग इंचांचा प्रश्नच उरत नाही. फटीवाल्या गिझरला पाइप लावायची सोयच नसते. पत्र्याचं टोपडं करून बसवलंत तर ज्योतीला हवा नीट मिळणार नाही, उलट बिघडेल. आणि काका, दार घट्ट बंद असेल तर फॅन हवा ओढणार कुठून? पाइपवाल्या गिझरच्या खोलीत तर तोच फॅन धूर पाइपातून उलटा आत खेचतो.

खडूस_काका
दाराखाली फट असतेच की. आम्ही अजून जिवंत आहोत.

रानजाई
अवांतर: आमच्या आजोळी तांब्याचा बंब होता. अंगणात. त्या पाण्याची सर कशालाच नाही.

हिशेबी
मिनिटाला ६ लिटरचा गिझर म्हणजे साधारण १२ किलोवॉट, स्वयंपाकघरातले चार-पाच बर्नर एकदम फुल्ल! बंद बाथरूममध्ये एवढी शेगडी कोणी पेटवेल का?

टाकीवाला
पाणी बोअरचं असेल तर आत क्षार जमतात. कॉइल दरवर्षी धुऊन घ्या, प्रवाह सुधारतो.

मोगरीताई
खाली जाळी बसवा, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो.

पक्कड
ताई, ते गळतीचं. गळती नाकाला कळते, कारण गॅसमध्ये मुद्दाम वास घातलेला असतो. इथे धोका कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे गॅस अर्धवट जळला की होणाऱ्या विषारी वायूचा. त्याला ना वास ना रंग, वजन जवळपास हवेइतकंच, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त ओढीने चिकटतो. खाली जाळी हवीच, पण ताजी हवा आत यायला. पाहुणे, ज्योत निळी आहे की पिवळी? घरात आंघोळीनंतर कुणाला काही त्रास?

पेठेतला_पाहुणा
कडेने पिवळट दिसते. आईला परवा आंघोळ करताना गरगरलं, कडीला धरून बाहेर आली, डोकं दुपारपर्यंत जड होतं. पण तिला बीपी आहे, त्याचा इथे काय संबंध?

हिशेबी
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं हो!

डॉ_रिकामटेकडा
संबंध असू शकतो. गरगरणं, मळमळ, डोकेदुखी, पाय लटपटणं ही कार्बन मोनॉक्साइडचीही लक्षणं. 'बीपी असेल' म्हणून सोडू नका. आईंना आजच डॉक्टरांकडे न्या आणि गॅस गिझरचं नाव घेऊन सांगा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर भरवसा नको, तो या वायूत फसतो, आकडा चांगला दाखवतो. गिझर बंद. पाणी शेगडीवर तापवा.

लेस्टरकर
आमच्याकडे यूकेत बॉयलर बंद पेटीचा असतो, हवा बाहेरून घेतो, धूर बाहेरच सोडतो. गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव नसलेल्याला हातही लावता येत नाही.

खडूस_काका
लेस्टरचं लेस्टरला ठेवा. इथे मेस्त्री वेळेवर आला तरी पेढे वाटतात.

पेठेतला_पाहुणा
गिझर बंद केलाय. आईला घेऊन निघतोय. आता मेस्त्रीला काय सांगू?

पक्कड
गिझर बाथरूमबाहेर, उघड्या ड्राय बाल्कनीत. फक्त गरम पाण्याची लाइन आत, वर इन्सुलेशन. डक्टमध्ये धूर सोडू नका, वरच्यांच्या झडपेतून त्यांच्या घरात जाईल. आणि पिवळ्या ज्योतीसाठी कंपनीचा माणूस बोलवा, बर्नर मेस्त्रीला उघडू देऊ नका. घरात सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्मही घ्या. गॅसगळतीचा अलार्म वेगळा, तो याला ओळखत नाही.

पेठेतला_पाहुणा
ड्राय बाल्कनी आहे, पण कबुतरांमुळे काच लावून पूर्ण बंद केलीये. चालेल ना?

पक्कड
नाही! काचा काढा, जाळी लावा. तोवर बादली.

रानजाई
कबुतरांसाठी नायलॉनची जाळी. पण ती गिझरच्या तोंडाजवळ नको, वितळेल.