पुण्याची सदर्न कमांड थिएटर कमांडमध्ये विलीन व्हावी का?

मरुस्थळ
माझं स्पष्ट मत: व्हावी, आणि लवकर व्हावी. थिएटर कमांड म्हणजे एका भागातली लष्कर, हवाई दल आणि नौदल ही तिन्ही दलं एकाच कमांडरखाली. लष्कराची सदर्न कमांड १८९५ पासूनची, हैदराबाद, गोवा, लोंगेवाला तिच्या खात्यात आहेत, त्याबद्दल आदर आहेच. पण कच्छच्या रणात उद्या चकमक झाली तर जमिनीवरचा हुकूम पुण्याचा, आकाशातला गांधीनगरच्या साऊथ वेस्टर्न एअर कमांडचा आणि समुद्रातला मुंबईच्या वेस्टर्न नेव्हल कमांडचा. कच्छमधल्या पाकिस्तान सीमेवरच्या सर क्रीक खाडीच्या दलदलीत तर जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं हेच कळत नाही. तिथे तीन मुख्यालयं कशाला? शिवाय २००५ मध्ये जयपूरला साऊथ वेस्टर्न कमांड उभी राहिल्यापासून राजस्थानची सीमाही दोन लष्करी कमांडमध्ये वाटली गेली आहे.

छावणीकर
लोंगेवालाचं नाव घेतलंत तर ती लढाई नीट आठवा. डिसेंबर १९७१, मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या २३ पंजाबच्या कंपनीने रात्रभर ठाणं धरलं आणि उजाडताच जैसलमेरच्या हंटर विमानांनी रणगाडे फोडले. एक थिएटर कमांडर नसतानाही जमलंच ना? गोव्यातही १९६१ ला तिन्ही दलं लढली आणि दोन दिवसांत काम फत्ते. अधिकाऱ्यांचं एकमेकांशी जमणं महत्त्वाचं, मुख्यालयाची पाटी नाही.

मरुस्थळ
@छावणीकर, चांदपुरींना उजाडेपर्यंत वाट पाहावी लागली कारण हंटरना रात्री लढता येत नव्हतं. आता ड्रोन आणि क्षेपणास्त्रं रात्रीच येतात. निर्णय मिनिटांत लागतो, आणि तो अधिकाऱ्यांच्या मैत्रीवर सोडणं मला धोक्याचं वाटतं.

नभांगण
हवाई दलाची बाजू कोणीच मांडत नाही. मंजूर लढाऊ स्क्वाड्रन (विमानांच्या तुकड्या) ४२, हाताशी तिशीच्या आसपास. ती पाकिस्तानकडच्या पश्चिम आणि चीनकडच्या उत्तर थिएटरमध्ये वाटून टाकली तर दोन्हीकडे तोकडी पडतील. जोधपूरचं विमान गरज पडली तर लडाखकडे वळवता आलं पाहिजे. थिएटर कमांडर आपल्या वाटणीचं विमान सोडेल?

कृष्णाकाठ
मी सांगलीची. २०१९ च्या पुरात लष्कराच्या होड्या आल्या तेव्हा आमच्या गल्लीत माणसं पत्र्यावर बसली होती. २०२४ ला वायनाडच्या चूरलमलाला लष्कराच्या मद्रास सॅपर्स या अभियंता दलाने बेली पूल (सुटे लोखंडी भाग जोडून उभारायचा पूल) टाकला. सगळं लक्ष सीमेवर गेलं तर दक्षिणेकडे कोण बघणार?

मरुस्थळ
ताई, तुमची काळजी खरी आहे, पण त्या कामासाठी मुंबईचा महाराष्ट्र-गुजरात-गोवा एरिया आणि चेन्नईचा दक्षिण भारत एरिया ही लष्कराची मुख्यालयं आहेत, ती बंद करा असं मी म्हणत नाही. सीमेवर लढणारं जोधपूरचं १२ कोअर आणि भोपाळचं २१ कोअर (सदर्न कमांडच्या मोठ्या लढाऊ फौजा) मात्र पश्चिम थिएटरकडे जावं. कायदेशीर पायाही आता आहे. तिन्ही दलांच्या संयुक्त संघटनेच्या कमांडरला दुसऱ्या दलाच्या जवानावर शिस्तभंगाची कारवाई करता येत नव्हती, ती अडचण २०२३ च्या कायद्याने दूर केली.

छावणीकर
कायद्याने शिस्त येईल, विमानं येणार नाहीत. @नभांगण यांचा प्रश्न तसाच आहे: दोन्ही सीमा एकदम पेटल्या तर एस-४०० ही हवाई संरक्षण क्षेपणास्त्र यंत्रणा कुठे लावायची हे कोण ठरवणार?

मरुस्थळ
दिल्ली. सीडीएस (संरक्षण दलप्रमुख) आणि तिन्ही दलांचे प्रमुख. म्हणूनच अशी शस्त्रं आणि काही स्क्वाड्रन थिएटरला न देता मध्यवर्ती राखीव ठेवाव्यात, हे मला मान्य आहे.

नभांगण
काही नाही, बहुतेक सगळ्याच. तेवढं लिहून द्या, मग माझा विरोध मागे.