मोतीला जर्मनीला नेताना: आधी चिप, मग लस, मग रक्त, तिकीट शेवटी

स्वाती (बी-३०२): नमस्कार मंडळी. मंगेशची बदली फ्रँकफर्टला झालीय, १ ऑगस्टला रुजू व्हायचंय. आम्ही सगळे एकत्रच निघणार आहोत आणि आमच्या कुत्र्याला, मोतीला, न्यायचंच आहे. वय ४ वर्षं, देशी, वजन १८ किलो. रेबीजची लस नोव्हेंबरमध्ये झाली, कातडीखालची ओळखीची चिप जानेवारीत बसवली. आज ५ एप्रिल, म्हणजे हातात चार महिने आहेत. तिकिटं काढून टाकू का?

डॉ. नीलिमा (ए-१०४): नको, थांब. क्रम उलटा झालाय. युरोपीय संघाच्या नियमात चिप आधी हवी, निदान त्याच दिवशी, आणि लस त्यानंतर. चिपच्या आधीची लस ते धरत नाहीत, कारण ती याच कुत्र्याला टोचली हे दाखवणारा नंबर त्या दिवशी त्याच्या अंगात नव्हता. नोव्हेंबरच्या लसीचं संरक्षण मोतीला आहेच, पण प्रमाणपत्रात ती लिहिता येणार नाही. पुन्हा टोचावी लागेल.

आता तारखा मोज. उद्या ६ एप्रिलला लस. त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं, म्हणजे ६ मे. मी एक दिवस जास्त ठेवून ७ मे धरते. रक्तातली रेबीजविरोधी प्रतिपिंडं मोजतात, त्याला टायटर म्हणतात. प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त हवं. आणि रक्त काढल्या दिवसापासून पूर्ण ३ महिने झाल्याशिवाय प्रवेश नाही. म्हणजे ७ ऑगस्ट. १ ऑगस्ट मोतीसाठी जमत नाही.

स्वाती: बापरे. ३ महिने रिपोर्ट आल्यापासून की रक्त काढल्यापासून?

डॉ. नीलिमा: रक्त काढल्यापासून. रिपोर्टला वेळ लागला तरी तो वेळ याच ३ महिन्यांत मोजला जातो. पण टायटर कमी आलं तर पुन्हा लस, पुन्हा रक्त आणि नव्या नमुन्यापासून पुन्हा ३ महिने. म्हणून रक्त काढायला उशीर करायचा नाही. लस जुनी होत जाते तशी प्रतिपिंडं उतरतात. मोतीला दरवर्षी लस मिळालीय, त्यामुळे त्याचं शरीर चांगला प्रतिसाद देईल असा अंदाज आहे. पहिल्यांदाच लस घेणाऱ्या पिल्लांमध्ये कमी येण्याचा धोका जास्त असतो.

नमुना युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच जायला हवा. गल्लीतल्या लॅबचा रिपोर्ट कितीही चांगला आला तरी चालत नाही. रक्त नाही, त्यातला सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) वेगळा करून थंड पाठवायचा. रक्त फुटून सीरम लाल झाला तर नमुना नाकारला जाऊ शकतो. नळीवर आणि फॉर्मवर चिपचे १५ अंक सारखेच हवेत. मी दर वेळी स्कॅनरने वाचून मगच लिहिते, जुन्या पुस्तिकेतून उतरवून घेत नाही. एक अंक चुकला की तो रिपोर्ट दुसऱ्याच कुत्र्याचा ठरतो.

मंगेश (बी-३०२): मग मी १ ऑगस्टला पुढे जातो. मोती महिनाभर स्वातीच्या आईकडे राहील, नंतर एखादी एजन्सी त्याला पाठवेल. चालेल ना?

केदार (डी-२०३, सध्या म्युनिक): मंगेशदादा, इथे ५ दिवसांचा नियम आडवा येतो. पाळीव प्राणी म्हणून सवलतीने न्यायचं तर मालकाचा प्रवास आणि प्राण्याचा प्रवास यांत ५ दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, पुढे किंवा मागे. दुसऱ्या कुणाला लेखी अधिकार देऊन सोबत पाठवता येतं, पण तेव्हाही मालकाचा स्वतःचा प्रवास त्या ५ दिवसांत लागतोच. नाहीतर तो व्यापारी वाहतुकीत जातो आणि तिथले नियम आणि कागद वेगळे, बरेच जड.

डॉ. नीलिमा: केदारचं बरोबर. यावर सरळ उपाय आहे. मोती घरात स्वातीचाही आहेच. लसीची पुस्तिका, चिपची नोंद, टायटरचा फॉर्म, सगळीकडे मालक म्हणून पहिल्यापासून स्वातीचं नाव लिहू. मंगेश १ तारखेला पुढे जाईल, स्वाती मुलांना आणि मोतीला घेऊन १२ ऑगस्टच्या सुमाराला निघेल. मधेच नाव बदललं तर प्रश्न विचारतात, म्हणून हे उद्याच ठरवा.

स्वाती: हे जमेल. प्रमाणपत्र कोण देतं?

डॉ. नीलिमा: केंद्र सरकारची अ‍ॅनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिस. पुण्याला कार्यालय नाही, मुंबईला जावं लागेल, मोतीला सोबत घेऊन. मी तपासून तंदुरुस्तीचा दाखला देईन, पण युरोपच्या नमुन्यातल्या आरोग्य प्रमाणपत्रावर सही-शिक्का तिथल्या सरकारी पशुवैद्यकाचाच लागतो. ते दिल्यापासून १० दिवसांच्या आत युरोपात तपासणी व्हायला हवी. प्रमाणपत्राचा फॉर्म जर्मन आणि इंग्रजी दोन्ही भाषांतला घ्या. प्रवेश ज्या देशातून त्या देशाची भाषा लागते. पॅरिसला विमान बदललं तर तिथे फ्रेंच लागेल, म्हणून थेट फ्रँकफर्टचं विमान बरं.

वसंतकाका (सी-६०१): १० दिवसांच्या हिशोबात दोन गोष्टी विसरतात. युरोपची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात, म्हणजे १२ तारखेच्या रात्री घरून निघालात तर प्रवास १३ चा. आणि १५ ऑगस्टला कार्यालय बंद. प्रवास त्याच्या पुढे ढकलला गेला तर सुट्टी मधे येईल हे धरून चाला.

आता विमानाचं. १८ किलोचा कुत्रा केबिनमध्ये बसत नाही. लुफ्थान्साची केबिनची मर्यादा पिशवीसकट ८ किलो आहे. मोती विमानाच्या पोटातूनच जाणार, एकतर तुमच्याच विमानात सामान म्हणून, नाहीतर कार्गो म्हणून. सामान म्हणून न्यायचं तर तिकिटाचे पैसे भरण्याआधी विमान कंपनीकडून मोतीची जागा पक्की करून घ्या. एका फेरीत ठराविकच प्राणी घेतात आणि प्रत्येक विमानाचा तो कप्पा गरम ठेवलेला नसतो. कार्गोने पाठवायचं तर एअर वे बिल (मालाची पावती), कस्टम्स ब्रोकर, वेगळं टर्मिनल, आणि भाडं वजनावर नाही, क्रेटच्या, म्हणजे प्रवासी पिंजऱ्याच्या, आकारावर.

स्वाती: क्रेट कुठला घेऊ, काका? दुकानदार वजन विचारून देतो.

वसंतकाका: वजनावर घेऊच नका, माप घ्या. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा, तिचा हिशोब असा: नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग, ही क्रेटची लांबी. खांद्यांची रुंदी दुप्पट, ही रुंदी. उभं असताना डोकं किंवा कानाचं टोक, जे उंच ते, अधिक अंथरुणाची जाडी, ही उंची. समजा मोती ७५ सेंटिमीटर लांब, कोपर ३२ वर, खांदे २०, कान ६२ वर. तर आतून ९१ लांब, ४० रुंद, सुमारे ६५ उंच हवं. दुकानातला ९१ चा क्रेट बाहेरून ९१ असतो, आतून कमी. विमानतळावर मोती आत उभा राहून कान छताला टेकले तर काउंटरवरून परत पाठवतात. म्हणून त्याच्या वरच्या मापाचा, १०२ × ६९ × ७६ सेंटिमीटरचा घ्या. पण कार्गोत त्याचा हिशोब १०२ × ६९ × ७६ भागिले ६०००, म्हणजे ८९ किलो. मोती १८ किलोचा, बिल ८९ चं. शक्यतो सामान म्हणूनच न्या.

क्रेटचा वरचा आणि खालचा भाग प्लास्टिकच्या क्लिपांवर सोडू नका, धातूचे नट-बोल्ट लावा. चारही बाजूंना हवेची छिद्रं हवीत, चाकं काढून टाका, दाराला कुलूप नको. पाण्याची वाटी दाराला आतून अडकवलेली आणि बाहेरून भरता येणारी. आदल्या रात्री तीत पाणी गोठवून ठेवा, चढवता-उतरवताना सांडत नाही, हळूहळू वितळतं.

मंदाकाकू (ए-२०५): झोपेची गोळी दिली तर बिचारा शांत झोपून जाईल ना?

डॉ. नीलिमा: काकू, अजिबात नाही. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळता येत नाही आणि क्रेट हलला की तोल जातो. आत बघायला कुणी नसतं. विमान कंपन्याही असा प्राणी घेत नाहीत. मोती शांत राहावा तर क्रेट आत्ताच घरात आणा, दार उघडं ठेवून त्यात जेवण द्या, मग रात्री झोपवा. ऑगस्टपर्यंत तो त्याची जागा होईल. उड्डाणाच्या दिवशी हलकं खाणं काही तास आधी, पाणी मात्र शेवटपर्यंत.

मंदाकाकू: आमच्या भाच्याला लंडनला पर्शियन मांजर न्यायचीय. हेच सगळं?

डॉ. नीलिमा: टायटर आणि ३ महिने तेच. फरक असा की विमानाने ब्रिटनला प्राणी फक्त कार्गो म्हणूनच नेता येतो, केबिन किंवा सामान नाही. फीतकृमीचं औषध कुत्र्यांनाच लागतं, प्रवेशाच्या २४ ते १२० तास आधी, मांजरीला नाही. पर्शियन चपट्या तोंडाची, उष्णतेत श्वास कोंडतो. काही कंपन्या अशा जाती घेतच नाहीत, घेतात त्या १० टक्के मोठा क्रेट मागतात. भाच्याला आधी कंपनी शोधायला सांगा.

केदार: स्वातीताई, फ्रँकफर्टला उतरल्यावर कस्टम्सच्या लाल मार्गाने जा. हिरव्यातून गेलात तर न सांगता आणल्यासारखं होतं. चिप वाचतात, कागद बघतात. मग ज्या नगरपालिकेत राहाल तिथे कुत्र्याचा कर भरायचा, रक्कम गावागणिक वेगळी. घराच्या करारात कुत्र्याची परवानगी लिहून घ्या. चिपचा नंबर टासोत, म्हणजे तिथल्या पाळीव प्राण्यांच्या नोंदवहीत, नोंदवा, फुकट असतं. आणि प्रमाणपत्रात जात लिहिताना ‘मिश्र’ स्पष्ट लिहा. पिट बुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर, बुल टेरियर आणि त्यांचे संकर जर्मनीत आणायला बंदी आहे, शंका राहायला नको.

डॉ. नीलिमा: तिथे गेल्यावर रेबीजची पुढची लस मुदत संपायच्या आत घ्या. एक दिवसही मधे रिकामा गेला नाही तर हे टायटर पुढेही चालतं, गेला तर सगळं पहिल्यापासून. स्वाती, उद्या सकाळी १० वाजता मोतीला आण. जुनी पुस्तिका आणि चिपचं स्टिकर सोबत. आधी चिप वाचेन, मग टोचेन, आणि लसीचं बॅच नंबरचं स्टिकर तुझ्यासमोर लावेन.