रायल्स ट्यूबमधून भरवताना ठसका लागतो, काय चुकतंय?

औशाची लेक
लकव्यानंतर वडिलांना नाकातून नळी आहे. दर दोन तासांनी २०० मिली दूध नाहीतर ज्वारीची आंबील देतो. बाजेच्या उशाकडं विटा लावल्यात, तरी ठसका लागतो. नळी जागेवर आहे का, हे हवा सोडून पोटावर ऐकायचं म्हणतात. घरी जमेल का?

वॉर्डसिस्टर
ताई, ठसका लागला की भरवणं तिथंच थांबवा. नळी दवाखान्यात तपासल्याशिवाय पुढचं काही देऊ नका. धाप लागली, ओठ निळे पडले तर सरळ १०८.

हवेच्या आवाजावर भिस्त नको. नळी फुफ्फुसात असली तरी गुरगुर ऐकू येते. नळी बसवली की नाकपुडीशी मार्करनं खूण करून घ्या आणि दर वेळी ती बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामानं चिकटपट्टी सुटते, नळी सरकते. खूण बाहेर आली तर आत ढकलायची नाही. घशात वेटोळं दिसतंय का, तेही बघा. नळीतून सिरिंजनं ओढलेल्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका रस आंबट) ५.५ किंवा कमी हवा, पण आम्लपित्ताची गोळी चालू असेल तर तो जास्त येऊ शकतो.

गिळणं_थेरपी
विटांनी भागत नाही. सहा फुटी बाज उशाकडून फूटभर उचलली तरी चढ जेमतेम १० अंशांचा होतो. हवा ३० ते ४५. कमरेपासून वाकळांची उतरण करा, खांदे गादीपासून निदान १०-११ इंच वर यायला हवेत. नुसती मानेखाली उशी म्हणजे पोट दुमडतं आणि अन्न वर ढकललं जातं. भरवून झाल्यावरही तासभर तसंच ठेवा.

सिरिंजचा दट्ट्या काढून टाका. २०० मिली आपोआप उतरायला १५-२० मिनिटं लागू द्या.

औशाची लेक
गोळ्या कुटून आंबिलीत मिसळल्या तर?

वॉर्डसिस्टर
नको. एकेक गोळी पाण्यात वेगळी विरघळवा. पॅन्टोप्राझोल (आम्लपित्ताची गोळी) किंवा कोटिंगवाली अ‍ॅस्पिरिन तर कुटायचीच नाही, डॉक्टरांकडून पर्याय घ्या. आधी आणि नंतर ३० मिली पाणी सोडा. आंबील निवली की घट्ट होते, म्हणून पातळ करून मलमलीतून गाळा. दुधावर लगेच ताकातली आंबील गेली तर नळीतच दूध फाटून गुठळी होते. तुंबली तर कोमट पाणी. तार अजिबात घालू नका.

गिळणं_थेरपी
आणि तोंडानं खात नसले तरी दात, जीभ दोनदा पुसा. तोंडातली घाण लाळेबरोबर फुफ्फुसात उतरते, ती नळीनं अडत नाही.