नवरा ६५ चा होतोय, कंपनीचा इन्शुरन्स चालू आहे, मग मेडिकेअर आत्ता घ्यायचं की थांबायचं?

रानजाई

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण वाचून सांगा. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनच्या बाजूला राहतो. नवरा येत्या नोव्हेंबरात, म्हणजे नोव्हेंबर २०२६ ला ६५ पूर्ण करतोय पण रिटायर व्हायचं नाव काढत नाही, तब्येत चांगली आहे, काम आवडतं, अजून तीन-चार वर्षं करीन म्हणतो. मी ६१ ची, पार्ट टाइम नोकरी करते, तिथे इन्शुरन्स मिळत नाही म्हणून मी त्याच्याच प्लॅनवर आहे. प्लॅन हाय डिडक्टिबलवाला (सुरुवातीची मोठी रक्कम आपण भरायची) आणि सोबत एचएसए, म्हणजे औषधपाण्यासाठीचं करमुक्त बचत खातं, त्यात आम्ही दर वर्षी जवळजवळ लिमिटपर्यंत पैसे भरतो.

आता घरी मेडिकेअरच्या, म्हणजे ६५ वरच्यांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, पत्रांचा नुसता ढीग पडलाय आणि त्यातली बहुतेक विकणाऱ्यांची. मंडळातले एक काका म्हणाले पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) फुकट आहे तो घेऊन टाका, बी चं (डॉक्टर आणि बाहेरचे उपचार) नंतर बघा. मैत्रीण म्हणते ए घेतलास की एचएसए बंद. नवऱ्याच्या ऑफिसात पगाराचं बघणाऱ्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या नोकरीत आहात तोवर काहीच करायची गरज नाही. आणि नेटवर वाचावं तर सगळीकडे पेनल्टी पेनल्टी, ती पण जन्मभराची. सोशल सिक्युरिटी अजून सुरू केलेली नाही. १९९८ ला एच-वनवर आलो तेव्हापासून त्याची नोकरी सलग आहे, त्यामुळे फुकट ए साठी लागणाऱ्या चाळीस क्रेडिट्सचा (साधारण दहा वर्षांची नोकरी) प्रश्न नाही. खरंच काहीच न करता बसलं तर चालतं का?

पारावरचा

ताई, मी ६७ चा, अजून नोकरीत आहे आणि मी ए पण घेतलेला नाही आणि बी पण नाही. चालू नोकरीतून मिळणारा ग्रुप इन्शुरन्स असेल, स्वतःच्या किंवा बायकोच्या, तर बी पुढे ढकलता येतो. नोकरी किंवा इन्शुरन्स, जे आधी संपेल तिथून पुढे ८ महिने मिळतात, त्यात नाव नोंदवलं की पेनल्टी नाही. नोंदवलं नाही तर मात्र दर पूर्ण १२ महिन्यांच्या उशिराला १० टक्के, आणि हो, ती कायमची मागे लागते. यंदा बी चा साधा हप्ता महिना २०२.९० डॉलर आहे, म्हणजे दोन वर्षं उशीर केला तर महिन्याला चाळीस डॉलरच्या वर जास्तीचे, आणि हप्ता वाढेल तशी पेनल्टी पण वाढत जाते.

तुमच्या मैत्रिणीचं बरोबर आहे, मेडिकेअरचा कुठलाही भाग सुरू झाला, नुसता फुकटवाला ए सुद्धा, की त्या माणसाला एचएसएत नवे पैसे टाकता येत नाहीत. आणि एक गोष्ट लोकांना माहितच नसते, ६५ नंतर कधीतरी तुम्ही ए घेतलात की तो सहा महिने मागच्या तारखेने सुरू होतो, त्यामुळे एचएसएतले पैसे भरणं अर्ज करायच्या सहा महिने आधीच थांबवावं लागतं. सोशल सिक्युरिटी सुरू केली तरी तेच, ए आपोआप गळ्यात पडतो. माझ्यासाठी थांबणं फायद्याचं होतं म्हणून थांबलो.

अबोली_ओहायो

थांबा थांबा. पारावरचा दादा जे सांगतायत ते मोठ्या कंपनीतल्या माणसासाठी अगदी बरोबर आहे. पण रानजाई, आधी एक सांगा, तुमच्या मिस्टरांच्या कंपनीत एकूण माणसं किती? मी बरीच वर्षं एचआरमध्ये बेनिफिट्सचंच काम करते आणि या विषयातला पहिला प्रश्न हाच असतो, बाकी सगळं त्याच्यावर ठरतं.

रानजाई

छोटीच आहे हो, सिव्हिल इंजिनीअरिंगची डिझाइन फर्म, मालक धरून १४ जण. कुठल्या मोठ्या कंपनीचा भाग वगैरे पण नाही. त्याने एवढा फरक पडतो?

अबोली_ओहायो

सगळाच फरक पडतो, म्हणून नीट सविस्तर लिहिते.

६५ च्या पुढचा माणूस नोकरीत असेल आणि कंपनीत २० किंवा जास्त माणसं असतील तर बिल आधी कंपनीचा प्लॅन भरतो, उरलं तर मेडिकेअर. २० पेक्षा कमी असतील तर उलटं, आधी मेडिकेअर आणि मग कंपनीचा प्लॅन. मोजताना पार्ट टाइम लोकही धरतात, आणि चालू किंवा मागच्या वर्षात किमान २० आठवडे २० माणसं होती का हे बघतात, त्यामुळे १८-१९ वर असलेल्या कंपनीत घोळ होऊ शकतो पण १४ म्हणजे तुमचं उत्तर स्वच्छ आहे. फक्त एक खात्री करा, प्लॅन कंपनीचा स्वतःचा आहे की कुठल्या असोसिएशनमार्फत अनेक कंपन्यांचा मिळून घेतलेला आहे, तसा असेल तर नियम बदलू शकतो.

आता याचा व्यवहारात अर्थ काय. समजा नोव्हेंबरनंतर मिस्टरांचं हॉस्पिटलात न राहता एखादं ऑपरेशन झालं आणि मेडिकेअरच्या हिशोबाने त्याचे १०,००० डॉलर झाले. बी असता तर डिडक्टिबल सोडून साधारण ८० टक्के मेडिकेअरने भरले असते. बी घेतलेलाच नाही, मग कंपनीचा प्लॅन काय म्हणणार, की पहिला मान मेडिकेअरचा होता, तुम्ही घेतलं नाही तो तुमचा प्रश्न, आम्ही फक्त उरलेल्या २० टक्क्यांचं बघू, आणि त्यातही आधी आमचं डिडक्टिबल. छोट्या कंपन्यांच्या बऱ्याच प्लॅन्समध्ये हे वाक्य लिहिलेलं असतं. म्हणजे दर महिना प्रीमियम कापला जातोय, खिशात कार्ड आहे, आणि तरी आठ हजार अंगावर.

म्हणून तुमच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या ते अर्धंच खरं आहे. पेनल्टी लागणार नाही हे खरं, ती ८ महिन्यांची सवलत छोट्या कंपनीतल्या माणसालाही असते. पण पेनल्टी नाही म्हणजे कव्हर आहे असं नाही ना! लोक पेनल्टीला एवढे घाबरतात की या दुसऱ्या खड्ड्याकडे कोणाचं लक्षच जात नाही आणि मला दर वर्षी कोणी ना कोणी असं भेटतं, फार वाईट वाटतं.

तर तुमच्या बाबतीत माझं स्पष्ट मत, ए आणि बी दोन्ही १ नोव्हेंबरपासून सुरू करा. पहिली मुदत एकूण ७ महिन्यांची असते, वाढदिवसाचा महिना, त्याच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन, म्हणजे तुम्हाला ऑगस्ट ते फेब्रुवारी. पण नोव्हेंबरच्या एक तारखेला सुरू व्हायला हवं असेल तर ऑक्टोबर संपायच्या आत अर्ज झाला पाहिजे, नाहीतर पुढच्या महिन्यावर जातं. अर्ज सोशल सिक्युरिटीच्या साइटवर होतो, या मुदतीत करताना कंपनीच्या सहीचा फॉर्म पण लागत नाही.

त्याआधी प्लॅनच्या पुस्तिकेत कोऑर्डिनेशन ऑफ बेनिफिट्स नावाचं प्रकरण असतं ते उघडून वाचा आणि इन्शुरन्स कंपनीला ईमेल करून विचारा की माणूस मेडिकेअरला पात्र आहे पण घेतलेलं नाही अशा वेळी तुम्ही क्लेम कसा भरता. फोनवर नको, लेखी घ्या.

माळढोक

अबोली यांनी लिहिलंय त्याला शंभर टक्के अनुमोदन आणि त्यात अजून एक भर घालतो, कोब्रा, म्हणजे नोकरी सुटल्यावर स्वतः पैसे भरून कंपनीचाच प्लॅन चालू ठेवायची सोय. माझ्या मेव्हण्यांचं झालेलं सांगतो. ६६ व्या वर्षी ले-ऑफ झाला, कंपनी मोठी होती, कोब्रावर तोच प्लॅन १८ महिने चालू ठेवता येईल असं पत्र आलं, त्यांनी घेतला, महिन्याला भरमसाट पैसे भरत राहिले आणि समजले की आपण कव्हर्ड आहोत, मेडिकेअर १८ महिन्यांनी घेऊ. पण तो ८ महिन्यांचा काटा नोकरी सुटल्यापासून चालू झालेला असतो, कोब्रा त्यात धरत नाहीत, रिटायरी इन्शुरन्सही धरत नाहीत. वर नोकरी सुटल्यावर पहिला नंबर मेडिकेअरचा लागतो, कंपनी केवढीही असो, त्यामुळे इन्शुरन्सवाल्यांनी आधी भरलेले क्लेम उलटे फिरवले आणि डॉक्टरांच्या ऑफिसातून बिलं परत यायला लागली. ती बिलं टेबलावर तारखेप्रमाणे लावून बसलेली बहीण मी बघितली आहे. शेवटी जानेवारी ते मार्चच्या सर्वसाधारण मुदतीत अर्ज केला आणि पुढच्या महिन्यापासून बी सुरू झाला. कंपनीच्या पत्रात यातलं एक अक्षर ठळक लिहिलेलं नव्हतं, आतल्या पानावर कुठेतरी बारीक होतं, याचा मला अजून राग आहे.

त्यामुळे ६५ नंतर नोकरी सुटली की पहिलं काम बी, बाकी सगळं मागाहून.

रानजाई

बापरे, बरं झालं इथे विचारलं. ऑफिसातल्या बाईंना उद्याच परत गाठते. मग आता तीन गोष्टी विचारते. एक, त्याने मेडिकेअर घेतलं तर मी कुठे जाऊ, कंपनीचा प्लॅन सोडला तर माझं पण जाणार ना? दोन, एचएसएचं काय, या वर्षी थोडे पैसे भरून झालेत. आणि तीन, दर वर्षी जानेवारीत आम्ही सासूबाईंकडे सांगलीला जातो, तिथे काही झालं तर?

अबोली_ओहायो

एक. प्लॅन सोडायचा नाही! तो कर्मचारी आहे, तो प्लॅनवर असेल तरच बायको प्लॅनवर, हे जवळपास सगळीकडे असंच असतं. म्हणजे त्याला मेडिकेअर पहिलं आणि कंपनीचा प्लॅन दुसरा, तुम्हाला फक्त कंपनीचा प्लॅन, जसा होता तसाच. डॉक्टरकडे गेल्यावर त्याने दोन्ही कार्डं द्यायची आणि काउंटरवर तोंडाने सांगायचं की मेडिकेअर प्रायमरी आहे, कारण त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये जुनंच चालू राहतं आणि क्लेम चुकीच्या दारात जाऊन पडतो.

पुढे तो ६८ ला रिटायर झाला तर तुम्ही ६४ च्या असाल, त्याचं मेडिकेअर तुम्हाला लागू होत नाही, तुमचं तुमच्या ६५ लाच. मधल्या काळासाठी फेडरल कोब्रा २० पेक्षा कमी माणसांच्या कंपनीला लागू नाही पण न्यू जर्सीचा स्वतःचा छोट्या कंपन्यांसाठी नियम आहे, किंवा राज्याच्या मार्केटप्लेसवरून (विमा विकत घ्यायची सरकारी साइट) प्लॅन घ्यायचा, कव्हर गेल्यापासून त्याला ६० दिवस मिळतात.

दोन. त्याने नोव्हेंबरपासून भरणं बंद, म्हणजे यंदा दहा महिन्यांचा हिस्सा. फॅमिली लिमिट ८,७५० आणि ५५ वरच्यांचे जास्तीचे १,००० मिळून ९,७५०, त्याच्या बाराव्या भागाचे दहा, म्हणजे ८,१२५ डॉलर. त्याच्यावर भरले तर परत काढून घ्यावे लागतात नाहीतर दर वर्षी ६ टक्के एक्साइज टॅक्स. आधी साठलेले पैसे कुठेही जात नाहीत, उलट त्यातून बी चा हप्ता पण भरता येतो, मेडिगॅपचा (मेडिकेअरनंतर उरलेला वाटा भरणारा खाजगी विमा) मात्र नाही. आणि हे नीट वाचा, तुम्ही स्वतः फॅमिली हाय डिडक्टिबल प्लॅनवर राहणार आणि तुम्हाला मेडिकेअर नाही, म्हणजे तुम्ही तुमच्या नावाने वेगळं एचएसए उघडून त्यात भरू शकता, पुढच्या वर्षापासून अख्खं फॅमिली लिमिट आणि तुमचे ५५ वरचे १,००० सुद्धा. त्याच्या पगारातून नाही जाणार, बँकेतून भरायचे आणि टॅक्स रिटर्नमध्ये वजावट घ्यायची. याच वर्षीचे राहिलेले कसे वाटायचे ते सीपीएला विचारा.

औषधांचं पण राहिलंच. कंपनी दर वर्षी १५ ऑक्टोबरच्या आत पत्र देते की आमचं औषधांचं कव्हर मेडिकेअरच्या तोडीचं आहे की नाही. हाय डिडक्टिबलवाले काही प्लॅन त्यात बसत नाहीत. बसत असेल तर पार्ट डी (मेडिकेअरचा औषधांचा भाग) आत्ता घेऊ नका आणि ते पत्र जपून ठेवा, बसत नसेल तर डी पण घ्यावा लागेल, ६३ दिवस किंवा जास्त खंड पडला की त्याची वेगळी पेनल्टी.

पारावरचा

अबोलीताई, मी १४ माणसांचा विचारच केला नव्हता, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं.

सांगलीचं मी सांगतो कारण आम्ही पण दर हिवाळ्यात जातो. मेडिकेअर भारतात एक पैसा देत नाही असंच धरून चाला. कंपनीचा प्लॅन बाहेरच्या देशातली इमर्जन्सी देतो का ते त्याच पुस्तिकेत बघा, बरेच देतात पण पैसे आधी आपण भरायचे आणि नंतर मागायचे, त्यामुळे हॉस्पिटलचं तपशीलवार बिल आणि डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत मागून घ्या, निघायच्या दिवशीच. पुढे मेडिगॅप घेतलात तर जी आणि एन सारख्या प्लॅन्समध्ये प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतली इमर्जन्सी असते, २५० डॉलर आपले आणि पुढचे ८० टक्के, पण आयुष्यभराची मर्यादा ५०,००० डॉलर. तीन महिने राहणार असाल तर वेगळा ट्रॅव्हल इन्शुरन्स काढाच.

मेडिगॅपची अजून एक गोष्ट, बी सुरू झाला की ६ महिने कुठलीही कंपनी तब्येत न विचारता मेडिगॅप देते, तुमचे ते महिने नोकरीतच संपतील. घाबरू नका, मेडिकेअरच्या मागे दुसऱ्या नंबरवर असलेला कंपनीचा प्लॅन संपला की ६३ दिवसांत ठराविक मेडिगॅप प्लॅन हक्काने मिळतात. फक्त प्लॅन संपल्याचं पत्र हवं.

बी चा हप्ता मात्र दोन वर्षांपूर्वीच्या टॅक्स रिटर्नवर ठरतो, यंदासाठी २०२४ चं. जोडप्याचं उत्पन्न २,१८,००० डॉलरच्या वर असेल तर २०२.९० पेक्षा जास्त येईल. रिटायर होऊन उत्पन्न कमी झालं की एसएसए-४४ फॉर्म भरून कमी करून घेता येतो, आपणहून करत नाहीत ते.

आणि हे सगळं कोणीतरी समोर बसून तपासून द्यावं असं वाटलं तर प्रत्येक राज्यात शिप नावाची सरकारी मोफत सल्ला सेवा आहे, ते काही विकत नाहीत. ऑक्टोबरात तिथे गर्दी असते, ऑगस्टमध्येच वेळ घेऊन ठेवा आणि जाताना ती प्लॅनची पुस्तिका बरोबर न्या.