मदत हवी आहे: सड्यावरच्या कातळशिल्पाचं थ्रीडी मॉडेल, ड्रोनशिवाय

नमस्कार मंडळी,

राहतो पुण्यात, गाव राजापूर तालुक्यात. आमच्या सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर) एक कातळशिल्प आहे: माणसाची आकृती, बाजूला मासे. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी ही ठिकाणं २०२२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यांच्याकडे निदान चार लोकांचं लक्ष आहे. आमच्याकडे मात्र चिरेखाण सरकत सरकत जवळ येतेय. जागा भावकीतल्याच काकांची. 'फोडणार नाही' म्हणतात, पण लेखी कोण देतंय!

तेव्हा आधी पक्की डिजिटल नोंद करून ठेवायची आहे. कशेळीचा कातळात कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटरचा, तिथे ड्रोनच हवा. आमचं शिल्प लहान आहे, लांब काठीला कॅमेरा बांधून जमेल. शेजारचे फोटो एकमेकांवर साधारण ७० टक्के चढले पाहिजेत, फोकस लॉक, मोजपट्टी फ्रेममध्ये, इथवर वाचून झालंय.

घोडं अडलंय उजेडापाशी. खोदाई अगदी उथळ. भर दुपारी रेघ दिसतच नाही, सकाळच्या तिरप्या उन्हात झकास उठून दिसते. पण फोटोग्रॅमेट्रीला (अनेक फोटो जुळवून थ्रीडी मॉडेल करायच्या पद्धतीला) सावल्या नकोत, त्यात त्या सरकत्या! ढगाळ दिवशी काढलेल्या फोटोंतून एवढी उथळ रेघ मॉडेलमध्ये उतरते का? की रात्री कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून फ्लॅश चहूबाजूंनी फिरवायचा, म्हणजे आरटीआय (रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग) करायचं? जांभ्यावर कोणी केलंय का? (डीस्ट्रेच, म्हणजे फोटोतले पुसट रंग उठावदार करणारं सॉफ्टवेअर, कृपया सुचवू नका. ते भीमबेटकासारख्या रंगचित्रांसाठी, इथे रंगच नाही.)

दुसरं, फोटोंवरून मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचं. मेशरूमला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं, माझ्या लॅपटॉपला नाही. वेबओडीएम कार्डाशिवाय चालतं, पण तीनेकशे फोटो झेपतील? कोथरूड-कर्वेनगर भागात कोणाकडे तगडं मशीन असेल तर हार्ड डिस्क घेऊन येतो. चहा माझ्याकडून, भजीसुद्धा.

साफसफाई फक्त मऊ केरसुणीने करणार. फोटोत उठून दिसावं म्हणून चुन्याने रेघा भरणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

आणि शिल्पाच्या ठावठिकाण्याचं काय करायचं? फोटोच्या फाइलीत जीपीएसची नोंद जाऊ शकते. मूळ प्रतीत ती राहू देऊन नेटवर टाकायच्या प्रतीतून काढायची, असा विचार आहे. 'गुप्तधन' शोधत पहार घेऊन येणारे कमी नाहीत. मूळ प्रत राज्य पुरातत्त्व विभागाला द्यायची की पुण्यात पुरातत्त्व शिकवणाऱ्या डेक्कन कॉलेजला आधी विचारायचं? अर्ज कसा करतात ते कोणी सांगितलं तर बरं होईल.

दिवाळीनंतर सड्यावरचं गवत कापलं की निघणार, त्याआधी उत्तरं मिळाली तर उपकार होतील.