मदत हवी आहे: विंडोज ७ चा पीसी लॅन केबल जोडलेली असली की बंदच होत नाही

मंडळी, घरचा जुना डेस्कटॉप आहे, विंडोज ७, ३२ बिट. जुना स्कॅनर फक्त यावरच चालतो, म्हणून बदलता येत नाही. राउटरला लावलेली हार्ड डिस्क झेड ड्राइव्ह म्हणून मॅप केली आहे, म्हणजे ती लॅनवरून पीसीत झेड नावाने दिसते.

शटडाऊन दिलं की 'शटिंग डाऊन' पाटी तशीच राहते, कडेचं वर्तुळ फिरत राहतं, डिस्कचा दिवा मात्र विझलेला. त्याच वेळी लॅन केबल उपसली की काही सेकंदांत पीसी बंद! सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरवर चालणारं विंडोज), नेटवर्किंगशिवाय, काहीच अडचण नाही. म्हणजे एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) किंवा बायोसवर (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) संशय नाही.

आतापर्यंत तपासलेलं: रजिस्ट्रीत क्लिअरपेजफाइलअ‍ॅटशटडाऊन (बंद होताना पेजफाइल, म्हणजे डिस्कवरची तात्पुरती मेमरी, पुसण्याची सेटिंग) ० आहे, म्हणजे बंद. वेटटूकिलसर्व्हिसटाइमआउट (सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम, थांबण्याची वाट किती पाहायची ती वेळ) मूळचंच, १२००० मिलिसेकंद, म्हणजे १२ सेकंद. ते कमी करून सर्व्हिस जबरदस्तीने मारायची नाही, झेडवर लिहिली जाणारी फाइल अर्धवट राहील. ऑफलाइन फाइल्स (नेटवर्कवरच्या फाइलींची प्रत पीसीत ठेवणारी सोय) बंद केल्या, फरक शून्य. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्सखाली शटडाऊनला लागलेला वेळ दाखवणारी २०० नंबरची नोंद येते, पण दोषी सर्व्हिस दाखवणारी २०३ येत नाही.

शटडाऊनआधी 'नेट यूज झेड: /डिलीट' ही झेड ड्राइव्ह तोडणारी कमांड दिली तरी तसंच अडकतं, म्हणून आता संशय लॅनच्या ड्रायव्हरवर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वेक ऑन लॅन (लॅनवरून पीसी चालू करण्याची सोय) आणि पॉवर मॅनेजमेंटच्या खुणा काढून पाहू, की थेट जुना ड्रायव्हर टाकू? की पुण्याच्या तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) पीसीआय लॅन कार्ड आणून मदरबोर्डवरचं लॅन बायोसमधून बंद करावं? गुरुवारी वीज जाते तेव्हा यूपीएसवर पीसी पटकन बंद व्हायलाच हवा. बटण दाबून मारला की पुढच्या वेळी चेकडिस्क (डिस्कची तपासणी) सुरू होतं, डेटाची काळजी वाटते.