सहावीला कुठे घालावं: जि.प. की हायस्कूल?

वेशीवरची: मुलगी पाचवी झाली. गावात दोनच शाळा: जि.प.ची सातवीपर्यंतची आणि संस्थेचं अनुदानित हायस्कूल. पुस्तकं, खिचडी दोन्हीकडे. गणवेश फुकट फक्त जि.प.त. जि.प.त सहावी-सातवी मिळून पंचवीसेक पोरं, हायस्कूलच्या एका तुकडीत साठ. माझा कल जि.प.कडे. घरचे म्हणतात, दहावीपर्यंत एकदाच काय ते होऊन जाऊ दे.

खडूफळा: घरचे बरोबर आहेत. जि.प.त गुरुजी चांगले असतील, पण वर्गावर असतात कधी? एक जण बीएलओ म्हणून मतदार यादी घेऊन फिरतो, दुसरा ऑनलाइन माहिती भरत बसतो. मग चार वर्ग एका खोलीत आणि पाढे म्हणायला वर्गातली हुशार पोरगी. हायस्कूलला निदान गणिताला गणिताचा माणूस आहे.

नांगरट: गणिताचा माणूस आहे म्हणे! माझा पुतण्या तिथंच सातवीत होता. त्याच्या वहीत १/२ + १/३ = २/५, शेजारी लाल शाईची बरोबरची खूण आणि सही. साठ वह्या, कोण वाचतंय? शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक लिहिलाय, तो कागदावर. हेच सर मे महिन्यात दारोदार येतात: सायकल देतो, रिक्षाचं आम्ही बघतो, दाखला तेवढा द्या. पोरांच्या मायेनं नव्हे, तुकडी तुटली तर अतिरिक्त ठरतील म्हणून.

खडूफळा: पोट प्रत्येकाला असतं. जि.प.वाले पट वाढवायला फिरत नाहीत का?

रानवाट: इमारत, रंगरंगोटी, दहावीचा निकाल यावर जाऊ नका, दहावीचा निकाल सहावीबद्दल काही सांगत नाही. आठवीतली एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा बघा, लागलं की वर्षाला 12,000 रुपये मिळतात. जि.प.ची पोरं सातवीनंतर कुठल्या शाळेतून बसली आणि किती लागली ते काढा. नुसतं 'किती लागली' विचाराल तर फसाल; काही शाळा चार हुशार निवडून तेवढीच बसवतात. वर्गात किती होती, बसली किती, हेही विचारा.

नांगरट: आणखी एक. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं ठरवायच्या) निर्णयानं सहावी-सातवीचा पट वीसच्या खाली गेला की तिथं नियमित शिक्षकाचं पद धोक्यात. पंचवीस म्हणजे काठावरच. तुमच्यासारखी सहा घरं हायस्कूलला गेली की गावातला वर्ग गेला, मग वस्तीवरच्या पोरी घरी बसणार.

खडूफळा: म्हणजे यांच्या पोरीनं पट राखायचा? आणि आठवीला ती हायस्कूललाच जाणार ना? तेव्हा साठ जणांत नवखी म्हणून मागच्या बाकावर बसेल. आजच गेली तर जम बसेल.

नांगरट: आठवीला मागच्या बाकावर बसली तरी चालेल, अपूर्णांक येत असले म्हणजे झालं.

रानवाट: दोघंही आपापल्या जागी ठीक. पण ताईंनी अजून वर्ग पाहिलेलाच नाही.

वेशीवरची: सोमवारी दोन्हीकडे सातवीच्या गणिताच्या तासाला बसू देतात का विचारते. जि.प.त शाळा व्यवस्थापन समितीत जाऊबाई आहेत, तिथं अडचण नाही.

खडूफळा: सोमवारी नको. जि.प.चे दोन्ही गुरुजी तालुक्याला प्रशिक्षणाला आहेत. मंगळवारी जा.